होपवेल ते होल्स्टन: सहा वर्षांत दोन तह का करावे लागले?

कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे तीन प्रश्न आहेत. अमेरिकेने १७८५ मध्ये चेरोकींशी (आग्नेय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका राष्ट्राशी) होपवेलचा तह केला आणि १७९१ मध्ये होल्स्टनचा दुसरा तह करावा लागला, तर पहिला मोडला कुणी? चेरोकींना इंग्रजी कागद वाचता येत नव्हता म्हणून त्यांना फसवलं गेलं, हे म्हणणं बरोबर आहे का? आणि होपवेलच्या बाराव्या कलमात काँग्रेसकडे प्रतिनिधी पाठवायचा हक्क लिहिला होता, त्याचं काय झालं?

अमेरिकन राज्यघटनेचा इतिहास शिकवताना हे दोन तहनामे मी दरवर्षी वर्गात कलमवार वाचून घेतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण आधी एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. हे तह वरवर पाहता अमेरिका आणि चेरोकी यांच्यातले आहेत, पण त्यातली निम्मी भांडणं केंद्र आणि घटकराज्यं यांच्यातली आहेत. नवं राष्ट्रीय सरकार चेरोकींशी बोलताना एक डोळा कायम नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जियाकडे ठेवून होतं. चेरोकी मुखियांनी हे पहिल्याच बैठकीत ओळखलं होतं.

आधी १७८३ ची परिस्थिती बघा. पॅरिसच्या तहाने इंग्लंडने अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं आणि मिसिसिपीपर्यंतचा प्रदेश सोडला. त्या कागदात मूळ रहिवाशांचा उल्लेखच नाही. युद्धात बहुतेक चेरोकी इंग्रजांच्या बाजूने होते, आणि १७७६ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांच्या फौजांनी त्यांची गावं आणि उभी मक्याची शेतं जाळली होती. १७७७ मध्ये चेरोकींनी दोन तह केले. एक साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाशी, दुसरा व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाशी. दोन्ही तह राज्यांनी परस्पर केलेले, काँग्रेसचा त्यात काही संबंध नव्हता. म्हणजे चेरोकींकडून जमीन घ्यायची ती आपण, ही राज्यांची सवय युद्धाच्या काळातच पक्की झाली होती.

त्या वेळी राज्यघटना अजून यायची होती. देश चालत होता कॉन्फेडरेशनच्या करारावर, आणि त्याचं नववं कलम म्हणजे वकिलांसाठी मेजवानी. इंडियनांशी, म्हणजे मूळ रहिवाशांशी, व्यापार आणि त्यांचे व्यवहार बघायचा एकमेव हक्क काँग्रेसला, पण जे इंडियन कुठल्या राज्याचे सदस्य नाहीत त्यांच्यापुरता, आणि राज्याच्या हद्दीतल्या त्याच्या कायदे करण्याच्या हक्काला धक्का न लावता. आता नॉर्थ कॅरोलायनाची हद्द कुठवर? राज्याच्या म्हणण्यानुसार थेट मिसिसिपीपर्यंत. म्हणजे अख्खी चेरोकी गावं ‘हद्दीत’. १७८३ मध्ये त्या राज्याने कायदा करून पश्चिमेकडची जमीन विक्रीला काढली. १७८४ मध्ये तिथल्याच वसाहतवाल्यांनी बंड करून ‘फ्रँकलिन’ नावाचं स्वतःचं राज्य जाहीर केलं. जॉन सेव्हियर त्याचा गव्हर्नर. त्याला कुणी मान्यता दिली नाही, पण जून १७८५ मध्ये डम्प्लिन क्रीकला त्याने चेरोकींशी स्वतःचा ‘तह’ही करून घेतला.

अशा गोंधळात काँग्रेसने चार आयुक्त नेमले: बेंजामिन हॉकिन्स, अँड्र्यू पिकन्स, जोसेफ मार्टिन आणि लॅक्लन मॅकिंटॉश. नोव्हेंबर १७८५ मध्ये साउथ कॅरोलायनात किओवी नदीकाठी, पिकन्सच्या होपवेल मळ्यावर बोलणी बसली. आजच्या क्लेम्सन विद्यापीठाच्या परिसरातली ही जागा. आयुक्तांच्या नोंदीप्रमाणे ९१८ चेरोकी आले होते, बायकापोरांसकट.

या बैठकीचं रोजच्या रोज टिपलेलं वृत्त उपलब्ध आहे. तहनाम्याच्या आधी ते वाचा, असं मी नेहमी सांगतो. नुसता तहनामा वाचला तर चेरोकी मुकाट्याने सही करणारे वाटतात. वृत्तात ते सतत प्रश्न विचारताना दिसतात.

आयुक्तांनी सुरुवातीलाच सांगितलं की काँग्रेसला तुमची जमीन नको, तुमची दुसरी कुठलीही वस्तू नको. तुमच्या तक्रारी मोकळेपणाने सांगा. मग टोक्वो गावचा मुखिया बोलायला उभा राहिला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कधी कॉर्न टॅसल, कधी ओल्ड टॅसल असं येतं. आपण त्याला टॅसल म्हणू. त्याने आणि इतर मुखियांनी आपल्या प्रदेशाचा नकाशा काढून पुढे ठेवला. कुठली नदी, कुठली डोंगररांग, आपली हद्द कुठून कुठे. नकाशा काढून हद्दीचा दावा मांडणाऱ्या माणसाला ‘भोळा’ म्हणणं अवघड आहे.

त्या नकाशात केंटकी आणि कंबरलँडचा मोठा भाग येत होता. आयुक्तांची अडचण झाली, कारण १७७५ मध्ये सिकामोर शोल्सला रिचर्ड हेंडरसन नावाच्या जमीन-व्यापाऱ्याने सुमारे २ कोटी एकर जमीन १०,००० पौंडांच्या मालाच्या बदल्यात चेरोकींकडून ‘विकत घेतली’ होती. टॅसल म्हणाला की ती जमीन आम्ही विकलीच नव्हती, हेंडरसन लबाड होता, आमच्या ओकोनोस्टोटा या मुखियाचं नाव त्यानेच कागदावर घातलं. यावर आयुक्तांचं उत्तर मी मुद्दाम सविस्तर सांगतो. त्याचा आशय असा: हेंडरसन वारला, तुमचा मुखिया अटाकुलाकुला वारला, ओकोनोस्टोटा वारला. तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण खरेदीखत आमच्याकडे आहे. तुमची आठवण चुकू शकते, कागद कायमचा राहतो. त्या खतावर विसंबून लोक येऊन वसलेत. तेव्हा जमीन खरंच विकली असं धरून चाला.

टॅसलने तो मुद्दा सोडला. तिथे काही मिळणार नाही हे त्याला कळलं. पण दुसऱ्या मुद्द्यावर त्याने आयुक्तांना धरलं.

होल्स्टन आणि फ्रेंच ब्रॉड या दोन नद्यांच्या बेचक्यात गोऱ्यांची दाट वस्ती झाली होती. आयुक्तांच्याच अंदाजाने तिथे ३,००० माणसं होती. ही जमीन चेरोकींनी कुणाला दिली नव्हती, हे कुणीही नाकारत नव्हतं. टॅसलने मागणी केली की यांना उठवा. आयुक्त म्हणाले, ते फार आहेत, त्यांना हलवणं आमच्या हातात नाही. त्यावर टॅसलने विचारलं की ज्या काँग्रेसने इंग्लंडच्या राजाला हरवलं, तिला ही माणसं हलवता येत नाहीत?

वर्गात हा प्रश्न वाचला की मुलं हसतात. मग मी त्यांना उत्तर शोधायला सांगतो. उत्तर तहनाम्यात आहे, पाचव्या कलमात. ते म्हणतं की ठरलेल्या रेषेपलीकडे कुणी अमेरिकन नागरिक वसला असेल आणि मंजुरीनंतर सहा महिन्यांत निघून गेला नाही, तर त्याच्यावरचं अमेरिकेचं संरक्षण संपलं आणि चेरोकींनी त्याला हवी ती शिक्षा करावी किंवा करू नये. वाचायला जबरदस्त वाटतं. पण लगेच पुढे अपवाद येतो. बेचक्यातल्या लोकांना हे लागू नाही, त्यांचा प्रश्न काँग्रेसकडे निर्णयासाठी पाठवला जाईल. म्हणजे जिथे खरं दुखणं होतं नेमकी तीच जागा वगळली. काँग्रेसला तीन हजार माणसं हलवता येत नव्हती, आणि तहाने ते लेखी कबूल केलं.

२३ नोव्हेंबरला चोटा गावची ‘वॉर वुमन’ नॅन्येही, जिला इंग्रज नॅन्सी वॉर्ड म्हणत, बोलायला उभी राहिली. तिने शांततेची चिलीम आणि थोडी तंबाखू आयुक्तांना दिली. दोन्हीकडचे लोक माझी मुलंच आहेत, असं म्हणून तिने मण्यांची माळ ठेवली. चेरोकींच्या राजकारणात बायकांचा शब्द चालत होता, त्यामुळे हे नुसतं शोभेचं भाषण समजू नका. तह टिकायचा तर घरच्या बायकांची संमती लागते, हे तिथे बसलेल्या प्रत्येक चेरोकीला ठाऊक होतं. आयुक्तांच्या बाजूला मात्र एकही बाई नव्हती.

जाता जाता एक गंमत. तहनाम्याखाली शपथ घेतलेल्या दुभाष्यांची नावं आहेत, त्यातलं एक जेम्स मॅडिसन. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला मॅडिसन तो हा नव्हे. दरवर्षी कुणीतरी उत्तरपत्रिकेत त्याला होपवेलला पाठवतंच.

२८ नोव्हेंबरला सह्या झाल्या. चेरोकींकडून ३७. एकाच राजाची सही का नाही, असं विचारलं जातं. तर चेरोकींचा असा सगळ्यांवर हुकूम चालवणारा राजा नव्हताच. गावागणिक सभा, गावागणिक मुखिये, आणि जो बैठकीला आला नाही त्याला तिथला शब्द आपोआप बांधत नव्हता. टेनेसी नदीवरच्या चिकामाउगा गावांचा ड्रॅगिंग कनू आला नव्हता. १७७५ च्या हेंडरसन-व्यवहाराला त्याने उघड विरोध केला होता आणि तेव्हापासून तो लढतच होता. होपवेलनंतरही लढत राहिला. ‘चेरोकींनी तह मोडला’ असं त्या काळचे वसाहतवाले म्हणत, त्यामागे बहुतेक वेळा ही मंडळी असत, ज्यांनी तह केलाच नव्हता.

आणि आता सहीच्या दिवसाचा दुसरा कागद. नॉर्थ कॅरोलायनाने आपला एजंट म्हणून विल्यम ब्लंट याला पाठवलं होतं. स्वतः मोठा जमीन-सट्टेबाज. त्याने त्याच दिवशी लेखी निषेध नोंदवला की हा तह आमच्या राज्याच्या कायदे करण्याच्या हक्कावर अतिक्रमण करतो. म्हणजे कॉन्फेडरेशनच्या कराराच्या नवव्या कलमातलं ते शेवटचं शेपूट. त्याच ब्लंटची तहनाम्यावर साक्षीदार म्हणूनही सही आहे. हे नाव लक्षात ठेवा.

सहीची शाई वाळली आणि काय झालं? वसाहतवाले हलले नाहीत. १७८६ मध्ये फ्रँकलिनवाल्यांनी कोयाटीला सैन्य उभं करून टॅसल आणि हँगिंग मॉ या मुखियांकडून आणखी जमीन सोडल्याच्या कागदावर सह्या घेतल्या. १७८८ च्या मे महिन्यात कर्क नावाच्या वसाहतवाल्याचं कुटुंब मारलं गेलं. सेव्हियर फौज घेऊन निघाला. जूनमध्ये टॅसल आणि इतर काही मुखियांना शांततेच्या निशाणाखाली बोलावून एका घरात ठेवलं, आणि त्या कर्क कुटुंबातल्या मुलाने त्यांना कुऱ्हाडीने एकेक करून मारलं. या मुखियांचा त्या खुनांशी संबंध नव्हता. होपवेलच्या आठव्या कलमात लिहिलं होतं की दुसऱ्याच्या गुन्ह्याचा सूड निरपराधावर उगवणं अन्याय आहे. त्यावर टॅसलचीही सही होती. या खुनानंतर चोटाचं महत्त्व गेलं, चेरोकींची सभा दक्षिणेकडे उस्तानालीला भरू लागली आणि लिटल टर्की हा मुखिया पुढे आला. तोवर शांततेच्या बाजूने असलेली बरीच गावं ड्रॅगिंग कनूकडे झुकली.

काँग्रेसने १ सप्टेंबर १७८८ ला जाहीरनामा काढला की चेरोकींच्या जमिनीवरून निघून जा. कुणी ऐकलं नाही. ७ जुलै १७८९ च्या अहवालात युद्धमंत्री हेन्री नॉक्सने नव्या राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला स्पष्ट कळवलं की होपवेलचा तह नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या गोऱ्यांनी उघडउघड मोडला आहे आणि बेचका वगळूनही पाचशेहून जास्त कुटुंबं चेरोकी जमिनीवर बसली आहेत. पहिला तह मोडला कुणी, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर खुद्द अमेरिकेच्या युद्धमंत्र्याच्या हस्ताक्षरात आहे.

आता राज्यघटना आली होती. तिने नवव्या कलमाचं शेपूट छाटलं. इंडियन जमातींशी व्यापाराचं नियमन काँग्रेसकडे, तह राष्ट्राध्यक्ष आणि सेनेटकडे, कुठल्याही राज्याला तह करायला बंदी, आणि झालेले व होणारे सगळे तह देशाचा सर्वोच्च कायदा. ‘झालेले’ हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यामुळे होपवेलही त्यात आला. अशी तरतूद का झाली याची कारणं अनेक आहेत, पण होपवेलसारख्या फजित्या त्यात नक्की होत्या.

मग सरकारने लगेच का नाही तह पाळून घेतला? कारण नॉर्थ कॅरोलायनाने राज्यघटना अजून मान्यच केली नव्हती! ऑगस्ट १७८९ मध्ये ते राज्य संघाच्या बाहेर होतं. २२ ऑगस्टला, शनिवारी, वॉशिंग्टन नॉक्सला घेऊन स्वतः सेनेटमध्ये गेला, दक्षिणेकडच्या इंडियनांच्या तहांवर सल्ला घ्यायला. सात प्रश्नांची यादी होती. पहिलाच प्रश्न चेरोकींचा: नॉर्थ कॅरोलायनाची सध्याची स्थिती बघता, त्यांना निरोप पाठवून अडचण समजावण्यापलीकडे आणखी काही करावं का?

जॉन अ‍ॅडम्स या उपराष्ट्राध्यक्षाने कागद वाचायला घेतला. बाहेर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर घोडागाड्यांचा इतका खडखडाट की काही ऐकू येईना. सेनेटर रॉबर्ट मॉरिसने सांगितलं, पुन्हा वाचा. पेनसिल्व्हेनियाच्या विल्यम मॅक्लेने जुने तह आणि कागद मागितले, आणि विषय समितीकडे द्यावा अशी सूचना आली. वॉशिंग्टन भडकला. माझ्या इथे येण्याचा हेतूच फसला, असं म्हणाला. मॅक्लेने आपल्या रोजनिशीत हा प्रसंग तिखट-मीठ लावून लिहिला आहे. सोमवारी वॉशिंग्टन पुन्हा आला, सेनेटने उत्तरं दिली. चेरोकींच्या प्रश्नाचं उत्तर होतं, नाही, आणखी काही करू नये. यापुढे तहाच्या आधी असा समोरासमोर सल्ला घ्यायला राष्ट्राध्यक्षाने सेनेटमध्ये जायची प्रथा पडलीच नाही. अमेरिकेत आज तह करून मग सेनेटपुढे ठेवतात, त्याच्या मुळाशी एक दुपार आहे जिचा पहिला विषय चेरोकी होते. अमेरिकन विद्यार्थ्यांनाही हे सहसा माहीत नसतं.

नोव्हेंबर १७८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने राज्यघटना स्वीकारली आणि मग पश्चिमेकडचा मुलूख केंद्राला दिला. मे १७९० मध्ये त्याचा ‘साउथवेस्ट टेरिटरी’, म्हणजे थेट केंद्राच्या ताब्यातला प्रदेश, झाला. जुलै १७९० मध्ये काँग्रेसने कायदा केला की इंडियनांची जमीन कुणाही माणसाने वा राज्याने विकत घेतली तरी अमेरिकेच्या सार्वजनिक तहाशिवाय ती खरेदी अवैध. हेंडरसनसारख्यांचं दुकान कागदावर बंद झालं.

११ ऑगस्ट १७९० ला वॉशिंग्टनने सेनेटला दोन रस्ते दिले. एक तर माझ्या हातात असलेली सगळी ताकद लावून होपवेल अमलात आणतो, किंवा वसाहतींना आत घेणारी नवी रेषा आखू आणि चेरोकींना मोबदला देऊ. सेनेटने दुसरा निवडला आणि मोबदल्याची मर्यादाही घातली: वर्षाला १,००० डॉलर. माझ्या मते होल्स्टन तह तिथेच ठरला, नदीकाठी फक्त सह्या झाल्या.

त्या सह्या घ्यायला कोण होतं? टेरिटरीचा गव्हर्नर आणि इंडियन विभागाचा अधीक्षक म्हणून वॉशिंग्टनने नेमला होता विल्यम ब्लंट! होपवेलला राज्याच्या वतीने निषेध करणारा माणूस आता राष्ट्रीय सरकारच्या वतीने तह करायला बसला. हे निव्वळ ढोंग होतं असं मला वाटत नाही. पश्चिमेकडच्या जमिनींचा मालक केंद्र झालं, तशी ब्लंटसारख्यांची निष्ठाही तिकडे सरकली. (१७९७ मध्ये इंग्रजांशी संगनमताच्या प्रकरणात सेनेटने त्याला हाकललं, तो भाग वेगळा.)

२ जुलै १७९१ ला व्हाइट्स फोर्ट, म्हणजे आजचं नॉक्सव्हिल, इथे होल्स्टनचा तह झाला. बेचका आणि त्याभोवतीचा बराच मुलूख गेला. हा तह होपवेलशेजारी ठेवून वाचा.

होपवेलचं चौथं कलम चेरोकींना शिकारीसाठी ‘नेमून दिलेल्या’ जमिनीची भाषा करतं. होल्स्टन ‘चेरोकी राष्ट्र’ आणि अमेरिकेचे नागरिक यांच्यातल्या हद्दीची भाषा करतो. होपवेलचं नववं कलम म्हणतं की चेरोकींचे सगळे व्यवहार काँग्रेस योग्य वाटेल तसे चालवील. होल्स्टनमध्ये फक्त व्यापाराचं नियमन उरलं. सातव्या कलमाने न सोडलेली सगळी जमीन चेरोकी राष्ट्राची, अशी गंभीर हमी दिली. नवव्याने अमेरिकन माणसाला चेरोकी मुलखात परवान्याशिवाय जायला मनाई केली. आणि दुसरं कलम मला सगळ्यात बोलकं वाटतं: चेरोकी कुठल्याही परकीय सत्तेशी, कुठल्याही घटकराज्याशी किंवा राज्यातल्या व्यक्तींशी तह करणार नाहीत. परकीय सत्ता म्हणजे स्पेन आणि इंग्लंड, ते होपवेलमध्येही वेगळ्या शब्दांत होतंच. राज्यांचं नाव मात्र आता घातलं. डम्प्लिन क्रीक आणि कोयाटीची आठवण त्यात आहे. वाचणाऱ्या चेरोकीसाठी ते जितकं होतं तितकंच सेव्हियरसाठीही.

चौदाव्या कलमाकडे लोक हमखास बोट दाखवतात: चेरोकींनी शिकारी न राहता पशुपालक आणि शेतकरी व्हावं म्हणून अमेरिका अवजारं देईल. आज ते अपमानकारक वाटतं, आणि आहेही. चेरोकी बायका पिढ्यानपिढ्या मका पिकवत होत्या. पण गोष्ट तिथे संपत नाही. डिसेंबर १७९१ मध्ये ब्लडी फेलो नावाचा मुखिया काही सोबत्यांसह सरळ फिलाडेल्फियाला जाऊन धडकला, आणि नॉक्सला म्हणाला की तहात नांगर, कुदळी, गुरं लिहिलीत, ती द्या. शिकार संपत चाललीय, आम्हाला मका लावायला आणि गुरं पाळायला मदत हवी. त्याने ब्लंटने जमिनीसाठी लावलेल्या तगाद्याची तक्रार केली आणि एक हजार डॉलर ही रक्कम अख्ख्या राष्ट्राला लंगोटीलाही पुरणार नाही, असं ऐकवलं. १७ फेब्रुवारी १७९२ ला तहात जादा कलम जोडून ती १,५०० केली गेली. जून १७९४ च्या फिलाडेल्फियाच्या तहाने ५,००० डॉलरचा माल ठरला, पण परत न केलेल्या प्रत्येक चोरीच्या घोड्यामागे ५० डॉलर कापायची अटही आली.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या पिढीतल्या बहुतेक चेरोकींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, हे खरं. दुभाष्यांवर विसंबावं लागे, आणि एखादा शब्द त्यांच्यापर्यंत कसा पोहोचला हे दुभाष्याच्या हातात होतं, हेही खरं. १८३२ च्या वूस्टर विरुद्ध जॉर्जिया खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी याच मुद्द्यावर होपवेलचं चौथं आणि नववं कलम चेरोकींच्या बाजूने लावलं. ‘नेमून दिलेली’ या शब्दामुळे आपण आपली जमीन आणि आपला कारभार सोडतोय असं चेरोकींना वाटलं असेल, हे त्यांना पटलं नाही. पण ‘फसवले गेले’ एवढं म्हणून थांबलात तर नकाशा काढणारा टॅसल आणि फिलाडेल्फियात आकड्यावर घासाघीस करणारा ब्लडी फेलो दोघेही दिसेनासे होतात. परकीय सत्तेशी बोलणी त्यांना नवी नव्हती. १७३० मध्येच चेरोकींचं शिष्टमंडळ लंडनला जाऊन आलं होतं. १७९१ ला त्यांना माहीत होतं की बेचका परत मिळणार नाही. जो मुलूख हातात राहिलाय त्याची हमी राज्याकडून घेण्यापेक्षा वॉशिंग्टनकडून घेणं बरं, हा त्यांचा हिशोब होता. तो चुकीचा नव्हता. १८३२ ला राज्याविरुद्ध खटला जिंकला तो याच हमीवर. जॉर्जिया आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तो निकाल धाब्यावर बसवला, पण त्यात दोष १७९१ च्या हिशोबाचा नाही.

राहिलं बारावं कलम. होपवेलमध्ये लिहिलंय की अमेरिकेच्या न्यायावर विश्वास बसावा म्हणून चेरोकी वाटेल तेव्हा आपल्या पसंतीचा प्रतिनिधी काँग्रेसकडे पाठवू शकतील. मत द्यायचा हक्क की नुसतं बोलायचा, काहीच खुलासा नाही. ती काँग्रेसही वेगळी होती, एकाच सभागृहाची. कल्पना मात्र अगदी नवी नव्हती. १७७८ च्या फोर्ट पिटच्या तहात डेलावेअर जमातीला काँग्रेसमध्ये प्रतिनिधित्व असलेलं राज्य होण्याची शक्यता दाखवली होती. होल्स्टनच्या सोळा कलमांत हा हक्क कुठेही नाही. त्यामुळे तो संपला की होपवेलबरोबर टिकून राहिला, यावर वकील हवं तेवढं भांडू शकतात.

प्रत्यक्षात मात्र आजचा दावा होपवेलपेक्षा न्यू इकोटाच्या तहावर उभा आहे. २९ डिसेंबर १८३५ चा हा तह चेरोकींच्या एका छोट्या गटाने केला, राष्ट्रीय सभेला तो मान्य नव्हता, सेनेटने एका मताच्या फरकाने मंजूर केला, आणि त्याच्याच जोरावर १८३८ मध्ये लोकांना आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलण्यात आलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसं मेली असा अंदाज दिला जातो. त्या तहाच्या सातव्या कलमात म्हटलंय की काँग्रेस तशी तरतूद करील तेव्हा चेरोकींना प्रतिनिधीगृहात एक प्रतिनिधी मिळेल. २०१९ मध्ये चेरोकी नेशनचे प्रमुख चक हॉस्किन ज्युनियर यांनी किम टीही यांचं नाव पुढे केलं आणि त्यांच्या कौन्सिलने ते मंजूर केलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या नियम समितीपुढे सुनावणीही झाली. तिथे चर्चेला आलेले प्रश्न साधारण असे: ‘तरतूद’ म्हणजे नवा कायदा लागेल की सभागृहाचा ठराव पुरेल, प्रतिनिधीला मत असेल का, आणि चेरोकींच्या इतर दोन मान्यताप्राप्त जमातींनीही हाच हक्क सांगितला तर काय. त्या काँग्रेसची मुदत निर्णयाविना संपली. तुम्हाला प्रबंधासाठी विषय हवा असेल तर त्या सुनावणीचं वृत्त आणि होपवेलच्या बैठकीचं वृत्त शेजारी ठेवून वाचायला सुरुवात करा.